पुढे इंजिन नसलेली गाडी: मेट्टुपाळयम ते कुन्नूर, वाफेवर

घाटवेडा (धागाकर्ता) | 12 जानेवारी, रात्री 9:40

कर्जतला गाडी थांबली की आपण वडापाव घेतो आणि तेवढ्या वेळात मागे बँकर, म्हणजे घाटात ढकलायचं जादा इंजिन, लागतो. हे बँकर प्रकरण मला लहानपणापासून आवडतं. घाटभर जीव काढून ढकलायचं आणि लोणावळा आलं की गुपचूप सुटून बाजूला व्हायचं. पुण्याला उतरणाऱ्या निम्म्या लोकांना तो होता हेही माहीत नसतं.

मागच्या आठवड्यात अशा गाडीत बसून आलो, जिला घाटात पुढे इंजिनच नसतं. अख्खा घाट ती मागून ढकललेली चढते, आणि ढकलणारं इंजिन वाफेचं. निलगिरी माउंटन रेल्वे. 'ऊटीची टॉय ट्रेन' म्हणून आपल्याकडचे लोक जिच्यात बसून येतात आणि घरी आल्यावर फक्त चॉकलेटांबद्दल बोलतात, तीच.

आम्ही पाच जण. चौघे चाळिशी ओलांडलेले रेल्वेवेडे आणि एकाचा बारा वर्षांचा भाचा, याला आईने 'सुट्टीत मोबाइल तरी सुटेल' म्हणून पाठवलेलं. कुर्ला–कोइंबतूर एक्स्प्रेसने गेलो, कोइंबतूरहून मेट्टुपाळयम. तिथे एक रात्र मुद्दाम काढली, कारण गाडी सुटते सकाळी सात-दहाला आणि आम्हाला इंजिन उजाडायच्या आधी बघायचं होतं.

पावणेसहाला स्टेशनवर पोचलो तेव्हा ते यार्डात उभं होतं. आधी दिसलं नाही, ऐकू आलं. आजीकडे पंपाचा स्टोव्ह होता तसा भर्रर्र आवाज, फक्त खोलीएवढा मोठा. हे इंजिन तेलावरचं. मग अंधारात एक केशरी फट दिसली, ती उघडली-मिटली, आणि तिच्या उजेडात एक माणूस हातात तेलाची लांब चोचीची बुधली घेऊन चाकांच्या आत वाकलेला दिसला. तो एकेका सांध्यापाशी जायचा, आधी हाताच्या मागच्या बाजूने तापलाय का बघायचा, मग तेल सोडायचा. वीस-पंचवीस ठिकाणी तरी. कुठे घाई नाही. देवळातला गुरव सकाळी एकेका देवाला पाणी घालत फिरतो तसा.

भाच्याने विचारलं, "याला चावी कुठे असते?"

ड्रायव्हरला हिंदी येत होतं. तो हसला आणि म्हणाला, चावी नाही, रात्र लागते. थंड बॉयलर तापून वाफ धरायला काही तास जातात. म्हणजे आपण सातची गाडी म्हणतो, ती यांच्यासाठी रात्रीपासूनच सुरू असते.

गाडी सुटली. आधी भवानी नदी ओलांडते, मग कल्लारपर्यंत सुपारीच्या बागांतून सरळ सपाट. इथवर साधी गाडी. कल्लारच्या पुढे मात्र दोन रुळांच्या मधोमध तिसरं काहीतरी सुरू होतं: दाते असलेली पोलादी पट्टी, वंगणाने काळी चकचकीत. तिथे येताना गाडी जवळजवळ थांबल्यासारखी हळू होते. खालून एक 'खट्', मग थोडी थरथर, मग इंजिनाचे दाते पट्टीत बसतात आणि गाडी चढायला लागते. चढ केवढा? भोर घाटात 37 फूट पुढे गेल्यावर एक फूट चढतो. इथे 12 फुटांत एक फूट. भारतातला सगळ्यात तीव्र चढाचा लोहमार्ग, आणि दातेरी रूळ असलेला एकमेव. बसल्याजागी पाण्याची बाटली आडवी ठेवली की घरंगळत मागच्या माणसाच्या पायाशी.

आता आवाजाचं सांगतो, त्यासाठीच हा धागा काढला. सपाटीवर इंजिन 'झुक, झुक' करतं, आपल्या बडबडगीतातलं. दाते लागल्यावर गाडीचा वेग उतरतो, ताशी तेरा किलोमीटर जेमतेम, पण इंजिनाची फुसफुस दुप्पट जलद होते. पाय हळू आणि श्वास भराभर. सिंहगड चढताना आपलं होतं तेच. आम्ही चौघांनी एकदम एकमेकांकडे बघितलं. याचं कारण आहे, जाणकारांनी प्रतिसादात सांगावं, मी मुद्दाम लिहीत नाही.

दुसरी गोष्ट माणसांची. ड्रायव्हर मागे, इंजिनात. त्याला पुढचं काहीही दिसत नाही. म्हणून प्रत्येक डब्याच्या टोकाला उघड्या ओट्यावर एकेक ब्रेक्समन उभा असतो, हाताशी ब्रेकचं चाक आणि हिरवं-लाल निशाण. सगळ्यात पुढचा माणूस रूळ बघतो, तो निशाण दाखवतो, त्याच्यामागचा बघून तेच दाखवतो, असं करत निरोप ड्रायव्हरपर्यंत. आमच्या डब्यावरचा माणूस पन्नाशीचा, डोक्याला मफलर. तीन तास त्याने एकदाही दरीकडे बघितलं नाही. बाकी सगळा डबा दरीकडेच बघत होता. एका वळणावर गाय आडवी आली तर पुढचं निशाण लाल झाल्यापासून गाडी थांबेपर्यंत मी मनात पाच आकडेसुद्धा मोजले नव्हते.

हिलग्रोव्हला पाणी भरायला थांबते. ॲडर्ली, हिलग्रोव्ह, रनीमेड: नावं ऐकून विलायतेतल्या खेड्यांतून चाललोय असं वाटावं, आणि खाली उतरलं की गरम वडे, फिल्टर कॉफी आणि आपल्या हातातलं पळवणारी माकडं. भाच्याचा वडा गेला. इंजिनाला पाणी पाजणारा नळ हत्तीच्या सोंडेसारखा वळवून टाकीत सोडतात. टाकी भरून वाहायला लागली की वरचा माणूस ओरडतो, खालचा बंद करतो.

कुन्नूरला इंजिन सुटतं आणि पुढे ऊटीपर्यंत डिझेल. आमच्यातले दोघे कुन्नूरलाच उतरून शेडकडे पळाले. मी ऊटीपर्यंत गेलो. ऊटीबद्दल काही लिहीत नाही. चॉकलेटं घेतली.

---

पुस्तकी किडा | 12 जानेवारी, रात्री 10:05

वाखूसा (वाचनखूण साठवली). फोटो टाका की राव.

---

घाटवेडा | 12 जानेवारी, रात्री 10:20

फोटो भाच्याच्या मोबाइलमध्ये. त्यातले साठ टक्के माकडांचे आहेत.

---

रेवा | 13 जानेवारी, सकाळी 8:12

फार सुंदर. तिकिटांचं सांगा ना. आम्ही गेल्या वर्षी मे महिन्यात एका एजंटाकडून 'टॉय ट्रेनसकट' सहल घेतली होती. त्याने आम्हाला आणून बसवलं ऊटी ते कुन्नूर, तेही डिझेलवर. नवऱ्याने विचारलं तर म्हणतो, "मॅडम, हीच टॉय ट्रेन." चूक त्याची म्हणायची की आमची, कारण आम्हालाही माहीत नव्हतं की वाफेचा तुकडा वेगळा आहे.

---

घाटवेडा | 13 जानेवारी, सकाळी 9:30

रेवाताई, निम्म्या महाराष्ट्राचं असंच होतं. 46 किलोमीटरच्या मार्गातला मेट्टुपाळयम ते कुन्नूर हाच भाग वाफेचा आणि दातेरी. कुन्नूर ते ऊटी छान आहे, चहाचे मळे, केट्टीची दरी, पण तिथे डिझेल.

आरक्षण खुलं होईल त्या दिवशी सकाळी बसून काढा. एजंट नको. चढताना पहिल्या वर्गाचा डबा सगळ्यात पुढे असतो, आणि पुढे इंजिन नसल्यामुळे समोरच्या काचेतून थेट रूळ दिसतो. ती जागा मिळाली तर सोन्याहून पिवळं. पण आवाज ऐकायचा असेल तर शेवटचा डबा. आम्ही मुद्दाम शेवटच्यात बसलो आणि संध्याकाळी सगळ्यांच्या नाकातून काळं निघालं.

ऑक्टोबर ते डिसेंबर टाळा. तिकडचा परतीचा पाऊस आपल्या श्रावणासारखा नसतो, दरड कोसळून मार्ग बंद पडतो आणि तुम्ही मेट्टुपाळयमला बसून राहता.

---

कोळसेबहाद्दर | 13 जानेवारी, दुपारी 1:15

लेख चांगला आहे. पण 'वाफेवर' असं शीर्षकात लिहून आत 'तेलावरचं' असं हळूच सांगणं ही फसवणूक आहे. फायरमनने फावडं मारलं नाही तर ते कसलं वाफेचं इंजिन? नॉब फिरवून आग कमी-जास्त करणं म्हणजे गॅसचा गीझर.

चित्तरंजनने शेवटचं ब्रॉडगेज वाफेचं इंजिन 1970 साली बांधलं, नावच ठेवलं 'अंतिम सितारा'. ब्रॉडगेजवर रोजच्या सेवेतली शेवटची वाफेची गाडी 6 डिसेंबर 1995 ला जालंधर–फिरोजपूर मार्गावर धावली, 'शेर-ए-पंजाब' नावाच्या इंजिनामागे. माझ्या लेखी विषय तिथे संपला. नंतरचं सगळं प्रदर्शन.

---

घाटवेडा | 13 जानेवारी, दुपारी 2:02

बहाद्दर, पाणी उकळलं की वाफच होते हो. तेलावर उकळा नाहीतर गोवऱ्यांवर. आणि जंगलातून जाणारा मार्ग आहे, उन्हाळ्यात ठिणगी उडाली तर डोंगर पेटतो. चढावर फावडं मारून वाफ टिकवणंही सोपं नाही. ही इंजिनं तेलावर नसती तर कदाचित आज तिथेही डिझेलच असतं.

---

कोळसेबहाद्दर | 13 जानेवारी, दुपारी 2:10

हे म्हणजे चुलीवरचं मटण म्हणून गॅसवरचं खायला घालायचं आणि वर पाणी उकळण्याचं शास्त्र सांगायचं.

---

पाना-पक्कड | 13 जानेवारी, रात्री 8:45

मटणावरून भांडू नका, मूळ प्रश्न राहिला. 'पाय हळू आणि श्वास भराभर' याचं उत्तर देतो. मी मेकॅनिकलवाला आहे, थोडं लांबेल.

आधी ती दातेरी पट्टी. ही पद्धत रोमान आब्ट या स्विस इंजिनिअरची. एकच जाड दातेरी पट्टी टाकण्याऐवजी त्याने दोन पट्ट्या शेजारीशेजारी लावल्या, आणि अशा सरकवल्या की एकीच्या दातासमोर दुसरीची खाच येते. इंजिनाखाली दातेरी चक्रंही तशीच जोडीने. त्यामुळे एक दात सुटायच्या आधी शेजारचा पकडलेला असतो, कुठल्याही क्षणी पकड शून्य होत नाही. जिना चढताना आपण एक पाय ठेवल्याशिवाय दुसरा उचलत नाही, तेच.

आता इंजिन. निलगिरीच्या या वाफेच्या इंजिनांना, म्हणजे एक्स क्लासला, चार सिलिंडर आहेत, प्रत्येक बाजूला दोन, एकावर एक. खालचे दोन नेहमीची चाकं फिरवतात. वरचे दोन फक्त दातेरी चक्रं. सपाटीवर वरचे बंद. दातेरी भागात शिरलं की खालच्या सिलिंडरांतून वापरून झालेली वाफ चिमणीत सोडून न देता वरच्या सिलिंडरांत घालतात आणि तिच्यातला उरलेला जोर काढून घेतात. रसवंतीवाला चरकातून एकदा निघालेली चिपाडं दुमडून पुन्हा घालतो ना, तसं.

वरच्या सिलिंडरांपासून दातेरी चक्रापर्यंत ताकद गिअरमधून जाते, म्हणून त्यांचे दट्टे खालच्यांपेक्षा जलद हलतात. आणि चिमणीतून बाहेर पडणारी वाफ आता फक्त त्यांचीच. म्हणून गाडी हळू, फुसफुस जलद. बाजूने नीट बघितलंत तर वरचे आणि खालचे दांडे उलट्या दिशांनी फिरताना दिसतात. पहिल्यांदा बघितल्यावर मला वाटलं होतं काहीतरी मोडलंय.

उतरताना तर गंमत अजून. तेव्हा इंजिन वाफ जवळजवळ वापरतच नाही. गिअर उलटा टाकून सिलिंडरांत हवा दाबायला लावतात आणि ती दाबलेली हवाच गाडीला रोखून धरते. हवा दाबली की तापते, म्हणून आत थोडं पाणी सोडतात. ही युक्ती निकलाउस रिगेनबाखची. हाही स्विस, निलगिरीच्या मार्गाचा प्रस्ताव घेऊन 1880 च्या दशकात तो आला होता. प्रत्यक्षात रूळ पडले ते आब्टच्या पद्धतीचे, आणि कुन्नूरपर्यंत गाडी पोचली 1899 साली. ऊटी 1908.

---

आल्प्सातला अण्णा | 14 जानेवारी, पहाटे 3:30

पाना-पक्कड यांना साष्टांग. मी गेली अकरा वर्षं झुरिकजवळ विंटरटूरमध्ये राहतो. ही एक्स क्लासची इंजिनं याच गावात बांधली गेली. पहिली खेप 1910 च्या नि 20 च्या दशकांत गेली, दुसरी 1950 च्या आसपास. 1871 मध्ये सुरू झालेला तो कारखाना आता राहिला नाही. मी कामावर जाताना रोज त्या भागातून जातो आणि मनात म्हणतो, इथून निघालेलं पोर तिकडे वडे खातंय.

एक भर घालतो. इथे फुर्का खिंडीत वाफेची एक डोंगरी रेल्वे आहे, तीही आब्टच्या दातेरी रुळांवर. नवा लांब बोगदा झाल्यावर 1980 च्या दशकात जुना मार्ग बंद पडला. हौशी लोकांनी ठरवलं, चालू करायचा. पण इंजिनं? ती कधीच व्हिएतनामला विकली गेली होती, दा लातच्या डोंगरात. 1990 साली ही मंडळी तिकडे गेली आणि झाडाझुडपांत गंजत पडलेली ती इंजिनं जहाजावर चढवून परत घेऊन आली. दुरुस्त व्हायला वर्षानुवर्षं गेली. संपूर्ण मार्ग 2010 मध्ये सुरू झाला. काम करणारे जवळजवळ सगळे स्वयंसेवक. मी तिकडे दोन उन्हाळे रुळांजवळचं गवत कापलंय. फायरमन व्हायला मिळेल म्हणून गेलो होतो, विळा हातात दिला.

त्यांच्यात आणि आपल्यात फरक एवढाच, की तिकडे इंजिन परत आणावं लागलं. निलगिरीत ते कधी थांबलंच नाही.

---

रोखठोक | 14 जानेवारी, सकाळी 10:50

सगळं छान, पण एक अप्रिय प्रश्न. दोन-अडीचशे प्रवाशांसाठी तेल जाळून, काळा धूर जंगलात सोडून, एवढी माणसं कामाला लावून, तोट्यातली गाडी कशासाठी? जागतिक वारसा वगैरे ठीक आहे. तो संग्रहालयात ठेवता येतो. रस्त्याने बस दीड-दोन तासांत पोचवते.

---

घाटवेडा | 14 जानेवारी, सकाळी 11:35

अप्रिय नाही, रास्त आहे. धूर असतो, नाकारत नाही. पण संग्रहालयातलं इंजिन मी दिल्लीला बघितलंय. रंग लावलेलं, पाटी लावलेलं, थंड. मुलं त्याच्यावर चढून फोटो काढतात. त्याला हात लावून तुम्हाला कळत नाही की सांधा तापलाय की नाही. आणि ते हात लावून बघणं ज्याला येतं, तो माणूस संग्रहालयात ठेवता येत नाही. गाडी बंद केली की वीस वर्षांत ती विद्या गेली. मग पैसे ओतले तरी शिकवणार कोण?

नवी इंजिनं तिरुचिरापल्लीच्या गोल्डन रॉक वर्कशॉपने 2011 पासून बांधून दिली, जुन्याच नमुन्यावर. एकविसाव्या शतकात वाफेचं दातेरी इंजिन पहिल्यापासून बांधता येणं याचं मला तरी कौतुक वाटतं. तिथल्या लोकांना ते जमलं, कारण जुनी अजून चालू होती.

---

रोखठोक | 14 जानेवारी, दुपारी 12:15

पटलं असं म्हणत नाही. तिकीट वाढवा मग.

---

घाटवेडा | 14 जानेवारी, दुपारी 12:18

वाढवा. देईन.

---

मूर्तिजापूरचा बंड्या | 14 जानेवारी, रात्री 9:00

तुमचं निलगिरी पाहून आमच्या शकुंतलेची याद आली भाऊ. यवतमाळ–मूर्तिजापूर–अचलपूर. 1921 मधलं मँचेस्टरचं इंजिन होतं, 1994 च्या एप्रिलपर्यंत तेच वढत होतं गाडी. मी तेव्हा सातवीत. कापसाच्या दिवसात तर असं वाटे का पोरगं पायी चाललं तरी पुढं जाईन. आमचा बाप्पू खरंच उतरून, वावरातली चार बोरं तोडून, पुन्हा डब्यात चढे. लोक गोष्ट समजतात, मी सोता पाहिलं आहे.

डिझेल आलं त्या दिवशी गावात लय कौतुक झालं. इंजिन कुठं गेलं ते कोणी इचारलंच नाही. मीही नाही इचारलं. आता वाटते इचाराले पायजे होतं.

---

ठाणेकर काका | 15 जानेवारी, सकाळी 7:20

माथेरानचा विषय कुणी कसा काढला नाही अजून? आपल्या दारातली गाडी! 1907 साली पीरभॉय कुटुंबाने स्वतःच्या पैशाने बांधलेली. त्या चार छोट्या जर्मन इंजिनांची करामत अशी होती की पुढच्या-मागच्या चाकांच्या जोड्या वळणावर थोड्या बाजूला सरकायच्या, म्हणून ती वळणं घेता यायची. 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला वाफ बंद झाली. त्यातलं एक दिल्लीच्या संग्रहालयात आहे. मी 1974 मध्ये मुंजीनंतर आईबरोबर त्या गाडीने गेलोय. टक्कल, शेंडी आणि तोंडावर काजळी. घरात तो फोटो अजून आहे.

हल्ली डिझेल इंजिनाला वाफेच्या इंजिनाचा पेहराव चढवतात ते मात्र मला बघवत नाही. नकली चिमणी, नकली धूर.

---

कोळसेबहाद्दर | 15 जानेवारी, सकाळी 8:01

काका, अखेर कुणीतरी माझ्या बाजूचं! 2023 मध्ये एकतानगर–अहमदाबाद वारसा गाडी सुरू झाली, तिचं इंजिनही दिसायला वाफेचं आणि आतून विजेचं. लग्नात भाड्याने घोडा आणतात, त्याला दोन माणसं आत घालून नाचवतात, तसलं.

त्यापुढे तेलावरचं एक्स क्लास मला एकदम सोवळं वाटायला लागलंय. शब्द अर्धा मागे घेतो.

---

घाटवेडा | 15 जानेवारी, सकाळी 8:15

अर्धा तर अर्धा. तारीख लिहून ठेवतो.

---

कुर्डुवाडीची लेक | 17 जानेवारी, रात्री 11:25

चार दिवस वाचतेय, आज लिहितेच.

माझे बाबा कुर्डुवाडीला बार्शी लाइट रेल्वेवर होते. म्हणजे त्यांच्या वेळेपर्यंत ती सरकारी झाली होती, पण गावात नाव 'बार्शी लाइट'च. क्लीनर म्हणून लागले, मग फायरमन, मग शंटर, मग ड्रायव्हर. लातूरकडे आणि पंढरपूर-मिरजेकडे, दोन्ही बाजूंना गेलेत. अडीच फुटी रूळ, आणि आषाढीत डब्याच्या आत जेवढे वारकरी तेवढेच वर.

आमच्या चाळीत रात्री-अपरात्री कॉलबॉय यायचा. हातात कंदील, वही. दाराची कडी वाजवायचा आणि बाबांचं नाव नाही, गाडीचा नंबर ओरडायचा. आई उठून आधी वहीवर बाबांची सही घ्यायला लावायची, मग चहा. मला लहानपणी वाटायचं सगळ्यांच्याच बाबांना रात्री असं बोलावणं येतं.

कोळसेबहाद्दर, तुम्ही फावड्याचं लिहिलंत म्हणून सांगते. बाबांच्या डाव्या खांद्यापेक्षा उजवा खांदा आजही खाली आहे. शिंप्याला शर्ट शिवताना वेगळं सांगावं लागतं. आणि त्याच फावड्यावर, पाण्याने लखलखीत धुऊन, ते वांगं भाजायचे. घरी गॅस आला तेव्हा आईने पहिल्यांदा भरीत केलं. बाबांनी दोन घास खाल्ले आणि म्हणाले, याला धुराचा वास नाही. आई आठ दिवस बोलली नाही.

बाबा आता 84 वर्षांचे आहेत. गुडघे दुखतात, कान बऱ्यापैकी गेलेत. घाटवेडा, त्यांना घेऊन ही गाडी करता येईल का? खरं सांगा, उगाच धीर देऊ नका.

---

घाटवेडा | 18 जानेवारी, सकाळी 6:50

ताई, येईल. डब्यात चढायला पायरी उंच आहे, एक हात धरायला हवा. बाकं साधी, गुडघे थोडे आखडतात, पण पाणी भरायला थांबते तेव्हा पाय मोकळे करता येतात. चढताना न्या. उतरताना नको, खाली पोचेपर्यंत संध्याकाळ होते आणि शरीर दमतं. कुन्नूरला उतरून तिथेच मुक्काम करा. शेड स्टेशनाला लागूनच आहे. आत शिरायचं तर आधी स्टेशनवर विचारा. बाबा कोण होते ते सांगा.

---

आल्प्सातला अण्णा | 18 जानेवारी, दुपारी 12:30

आणि फावड्यावरच्या वांग्याची कृती सविस्तर लिहा, विनंती. इथे स्वयंसेवकांत दाखवतो, विळ्यातून सुटका होईल.

---

कुर्डुवाडीची लेक | 9 मार्च, रात्री 10:10

जाऊन आलो.

पहिल्या वर्गाची तिकिटं मिळाली नाहीत. दुसऱ्या वर्गात, मधल्या डब्यात. बाबा निघताना फार काही बोलले नाहीत. नेहमीसारखी औषधांची पिशवी, मफलर. कल्लारला ते दाते लागले तेव्हा मी त्यांना कोपराने खुणावलं, ऐकू आलं का म्हणून. त्यांनी मान हलवली, नाही. मग बाकाच्या लाकडावर तळहात टेकवून बसले. कुन्नूरपर्यंत तो हात तसाच.

रनीमेडला पाणी भरताना मी त्यांना मागे इंजिनापर्यंत घेऊन गेले. घाटवेडा, तुम्ही म्हणालात तो तेलाची बुधली घेतलेला माणूस तिथे होता. बाबा त्याच्याकडे बघत उभे राहिले आणि एकदम वाकले. गुडघे दुखतात तो माणूस वाकला! सिलिंडरजवळ, दट्ट्याचा दांडा बाहेर येतो तिथे, बोट दाखवलं. तिथून पांढरी पिचकारी निघत होती, अगदी थोडी. बाबांना तमिळ येत नाही, त्याला मराठी नाही, हिंदी दोघांनाही यथातथाच. बाबा म्हणाले, "ग्लँड."

तो माणूस थांबला. बाबांकडे नीट बघितलं. म्हणाला, "पॅकिंग."

बाबा म्हणाले, "लेफ्ट साइड. लीक."

तो म्हणाला, "टुनाइट. शेड."

एवढंच बोलणं. मग त्याने खांद्यावरच्या पिशवीतून कॉटन वेस्टचा एक बोळा काढून बाबांना दिला, हात पुसायला. बाबांचे हात स्वच्छ होते. तरी त्यांनी घेतला आणि पुसले.

परवा आईने धुवायला शर्ट काढला तर खिशात तो बोळा. तेलकट, काळा. पांढऱ्या कपड्यांत गेला असता तर काय झालं असतं यावर तिने अर्धा तास काढला. बाबांनी तो परत मागून घेतला आणि कपाटात ठेवला.

वांग्याची कृती: फावडं आधी नीट धुवा.

---

कोळसेबहाद्दर | 10 मार्च, सकाळी 7:05

ताई, वाचून झाल्यावर थोडा वेळ काही सुचलं नाही. एकच विचारतो, इंजिन त्या दिवशी तेलाचं होतं की कोळशाचं?

---

कुर्डुवाडीची लेक | 10 मार्च, सकाळी 9:40

मला कळलं नाही, म्हणून आत्ता बाबांना विचारलं. म्हणाले, बघितलं नाही. ग्लँडकडे लक्ष होतं.